जवारीतला बोलता मनोरा

आमच्या बयनाले अक्षर वाचता येत नाई. हे मी पयलेच सांगून ठेवते, काऊन की तिच्याबद्दल शिवारात आता लोक काय काय बोलतात. कोणी म्हणते तिले मंतर येते, कोणी म्हणते वाघ तिच्या वळखीचा हाये. काई मंतर नाई आन् काई वळख नाई. मी तिची थोरली जाऊ, कुसुम. बावीस वर्षं एका आंगणात राह्यली तिच्यासंगं. तिच्याशी भांडली बी मीच, आन् त्या दिवशी तिचा पदर धरून तिच्या मांगं उभी होती ते बी मीच. दुसऱ्यानं सांगावं आन् मी गुमान ऐकावं, हे जमत नाई मले. जित्याची खोड हाये, काय करता!

बयनाबाई पैनगंगेच्या काठच्या गावची. घरात मराठी आन् शाळा तेलुगूची. पोट्टी दुसरीपर्यंत गेली. सार, म्हणजे मास्तर, जे वाचे ते ती कानानं उचले, आन् जसंच्या तसं म्हणून दाखवे, पुस्तकाच्या ओळीवरून बोट फिरवत. अर्थ बी समजे नाई तिले. सारले वाटे, काय हुशार पोट्टी! एक दिवस त्यायनं वाकून पाह्यलं त पुस्तक उलटं धरलेलं. दोन थापडा बसल्या आन् शाळा सुटली ते सुटलीच. कान मात्र राह्यला. लग्न होऊन आमच्या घरी आली तवा आमच्या सासूच्या जात्यावरच्या ओव्या तिनं आठ दिसांत पाठ केल्या. मी पाच वर्षं ऐकत होती, मले दोन येत नव्हत्या. सासू माह्याकडं पाहून हसे. तवापासून माह्या मनात थोडं खुपतच होतं, खोटं काऊन बोलू.

तिचा नवरा यशवंतराव, म्हणजे माहा दीर, कापसाच्या दिवसांत आदिलाबादच्या एका जिनिंगात कामाले राहते, ऐतवारी येते. घरी बयना आन् तिची मयूरी. मयूरी लग्नाच्या पाच वर्षांनं झालेली, एकुलती एक. इंटरच्या दुसऱ्या वर्षाले, म्हणजे बारावीले, आदिलाबादले जाते. आमच्या गावातून सडकेपर्यंत मैलभर पांदण हाये, दोन्ही बाजूनं वावरं. सडकेवर तामसीकडून पावणेसातची बस येते. गावातून त्या बसले जाणारी ते एकटीच पोट्टी.

ह्या पोट्टीनं घरात नवीन खूळ आणलं. पुस्तक ऐकायचं! मी म्हणलं, पुस्तक वाचतात वं, ऐकतात कसं? त मयूरी म्हणे, "मोठी आई, फोनात कोणीतरी वाचते, आपण ऐकायचं." तरण्या पोरापोरींसाठीच्या गोष्टी. दुसऱ्या ग्रहावरचं राज्य, पंखवाले घोडे, माणसावानी बोलणारं यंत्र. वाचणारी बाई पुण्याकडची असन, एक एक अक्षर धुऊन पुसून ठेवल्यावानी बोले. सकाळी चूल पेटली की ते बाई सुरू. कापूस वेचायले गेल्या की मायलेकी शेजारच्या दोन ओळीत, वायर मधात ताणलेली, एक गोळी मायच्या कानात, एक लेकीच्या. मी हाक मारली त दोघी बी ऐकत नव्हत्या. मंग मी ढेकूळ फेकून मारे.

त्या दोघींची लाडकी गोष्ट होती एका मनोऱ्याची. मी ऐकत नव्हती, कानावर पडे. वेधा नावाची सोळा वर्षांची पोट्टी. कुठल्यातरी ग्रहावर मिठाचं वाळवंट, त्यात एक गाव, गावाच्या कडेले मनोरा. वाळवंटात काजळे नावाचे जीव राहतात, सावलीवानी काळे. ते माणसाच्या आवाजाले भितात. म्हून मनोऱ्यावर कोणीतरी सारखं बोलत राह्याचं, एक थकलं की दुसऱ्यानं बोलायचं. वेधाची माय बोलणारी होती, तिचा आवाज गेला आन् मनोरा पोट्टीच्या गळ्यात पडला. चाळीस भाग होते म्हणे. बयनानं ते सगळे दोन-दोन, तीन-तीन डाव ऐकले. भाकरी थापता थापता तिचे ओठ हालत, आन् तोंडातून ते पुण्याची बोली निघे. मी पोट धरून हसे.

मंग दिवाळीच्या आसपास वाघ आला. नदीपलीकडून येतात ते, आमाले काई नवीन नाई. दोन दिस राहतात आन् जातात. हा गेला नाई. जंगलखात्याचा वॉचर भारत, उटनूरकडचा पोरगा, तो येऊन मारोतीच्या पारावर सगळ्यायले सांगून गेला. "एकटं जाऊ नका. वाकून काम करू नका. आन् तोंडानं मोठ्यानं बोलत चला. माणसाचा आवाज आला की तो वाट सोडते."

आता मयूरीसंगं रोज कोण जाईन? चार दिस बयना सडकेपर्यंत गेली. मंग जवारी राखणीले आली, म्हैस व्याली, जमेना. तवा बयनानं पोट्टीले सांगतलं, "वेधाची गोष्ट म्हणत जा. मोठ्यानं. सडक येईपर्यंत थांबायचं नाई." आन् पोट्टी खरंच तसं करे. सकाळच्या धुक्यात पांदणीतून एकटी पोट्टी जाऊन राह्यली आन् वाळवंटाची गोष्ट सांगून राह्यली. मी आंगणात दात घासत ऐकत राहे. आवाज बारीक होत होत जाये, मंग बसचा हॉर्न वाजे. हॉर्न वाजला की बयना आतून म्हणे, "पोचली." रोज. एक दिवस चुकला नाई.

तिकडं जवारीत डुकरं पडली होती. पंधरा-वीसचा कळप, एका फेऱ्यात अर्धं वावर आडवं. बयनाचं वावर पांदणीले लागून, सडकेच्या अर्ध्या वाटेवर, पांदणीकडच्या कडेले मचाण. गोफण झाली, डबे वाजवून झाले. एकट्या बाईनं किती जागावं? तवा तिच्या डोक्यात ते गोष्ट शिरली. भाजीवाले हातगाडीवर लावतात ना, बॅटरीचा भोंगा, मेमरी कार्डावर एकच बोलणं फिरून फिरून वाजते, तसा तिनं बाजारातून आणला. मयूरीनं कार्डात मनोऱ्याच्या गोष्टीचे पयले बारा भाग टाकून देले. भोंगा मचाणावर बांधला. दिवस मावळला की सुरू, सकाळी मयूरी बसले गेली की बयना जाऊन उतरवे आन् घरी चार्जिंगले लावे.

"हे पाह्य बाई," ती मले म्हणे, "आपला बी मनोरा झाला."

मी म्हणलं, "डोक्शावर पडली तू."

पण बाप्पा, आठ दिसांत एक डुक्कर फिरकलं नाई! धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत येत, खुरं दिसत, आन् माघारी जात. सगळं गाव पाह्यले आलं. आमचे अमृतराव, माहे मालक, पारावर बसून म्हणाले, "बायकायच्या नादी लागून वावरं राखता काय बे?" आन् तिसऱ्या दिवशी स्वतःच भोंगा घेऊन आले. त्यायच्या मांगं शेजारच्या वावराचे पांडुरंगराव, त्यायच्या मांगं आखा शिवार. मेंढरावानी! आन् कार्ड कोणतं? सगळ्यायनं मयूरीकडूनच भरून नेलं. दुसरं कोणापाशी काय होतं? तेरा वावरात तेरा भोंगे, आन् तेराच्या तेरा ठिकाणी ते पुण्याची बाई वेधाची गोष्ट सांगून राह्यली. एक पुढं, एक मांगं. दिवे लागले की गावाच्या चौबाजूनं तोच आवाज. मले त पयल्या दिवसापासून ते आवडलं नाई. घरात बसलं तरी वाटे, बाहेर कोणीतरी बाई हाये आन् तिचं बोलणं सरत नाई.

संक्रांतीपर्यंत सगळे खूश. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले माह्या घरी पंधरा बाया जमल्या होत्या. सगळ्या बयनाचं कवतिक करून राह्यल्या. शेजारच्या रुपाची सासू म्हणे, "अक्षर येत नाई पण डोकं पाह्य कसं, तहसीलदाराचं." मी सगळ्यायसमोर बोलली, "हो ना! पोरीच्या वयाच्या गोष्टी ऐकून ऐकून चाळिशीत पोट्टी झाली. उद्या म्हणन, काजळे आले." बाया हसल्या. बयना हसली नाई. तिनं हातातला तिळगूळ माह्या पाटावर ठेवला आन् गेली.

झाला अबोला सुरू. एका आंगणात दोन चुली, आन् तोंडं दोन दिशेले. ती मुकाट्यानं पाणी भरे, मी मुकाट्यानं सडा टाके. मयूरी मधात म्हणे, "मोठी आई, तुमी तरी बोला." मी म्हणलं, थोरली मी हाये, ती बोलन आदी.

अबोल्याच्या पाचव्या दिवशी मी बयनाच्या धुऱ्यावर तुरीच्या शेंगा तोडायले गेली. भर दुपार. तिच्या मचाणाकडं सहज पाह्यलं त पाच-सात डुकरं, एक डुकरीण पिलांसकट, कणसं मोडून खाऊन राह्यली. भर उन्हात! मी वरडली, "हाss हूड!" एकानं मान वर केली, माह्याकडं पाह्यलं, आन् पुन्हा खायले लागलं. अवं माय! मी उभ्या जन्मात असं डुक्कर पाह्यलं नव्हतं. ढेकळं मारली तवा कुठं ते हालले, ते बी चालत चालत.

मी पुढं गेली. मचाणाच्या अगदी खाली जवारी दाबलेली होती, खाटेयवढी जागा, गोल. धांडे मोडलेले नव्हते, निजलेले होते. जसं कोणी तिथं रोज येऊन पडते. शिडी पांदणीकडून, आन् हे जागा मांगच्या खांबापाशी, भोंगा काढाले चढणाऱ्या बयनाले दिसन नाई अशी. आन् वास. मुताचा वास, उग्र, नाकात बसणारा. मी स्वतःले सांगतलं, मोकाट गोऱ्हा असन. घरी येऊन अमृतरावले सांगतलं, ते म्हणाले, "डुकरीण व्याली असन तिथं." मी म्हणलं, हाव, असंच असन. पण मले माहीत होतं की तसं नाई. गोऱ्ह्याचा वास सत्तावीस वर्षं घेतलाय मी.

बयनाले सांगतलं नाई. अबोला होता ना! सांगाचं त आदी बोलावं लागलं असतं.

दोन दिसांनं संध्याकाळी भारत पारावर आला. नाल्यापलीकडच्या गावात वाघानं कालवड पाडली होती. तो म्हणे, "डुकरं जिथं ठाव धरतात, तिथंच तो बी ठाव धरते. कोणाच्या जवारीत आडवी दाबलेली जागा दिसली का?" ते जागा मी पाह्यली होती. चारचौघात तोंड उघडलं नाई. उठली, सरळ बयनाच्या दारात गेली. आतून मायलेकीच्या हासण्याचा आवाज आला. मयूरी काजळ्याची नक्कल करून राह्यली होती. मले वाटलं, हसतात त मलेच हसतात. दारातून मी माघारी फिरली. असं माहं डोकं. देवानं माह्या जागी दुसरी थोरली देली असती त बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं, थंडी अशी की बोटं वळेनात. मी आंगणात आली त मयूरीचा आवाज पांदणीत लागलेला. लवकर निघाली होती, परीक्षेच्या तयारीच्या जास्तीच्या तासांसाठी आदीची बस धरायची होती. बयना भोंगा उतरवायले तिच्या मांगंच निघाली होती, शंभर पावलं मांगं. मी तांब्या टाकला आन् धावली. पांदणीत बयनाले गाठलं, तिचा दंड धरला.

"बयना, तुह्या मचाणाखाली काईतरी पडून राहते. मी पाह्यलं. जवारी दाबलेली हाये."

आठ दिसांतलं पयलं बोलणं. ती मले रागावली नाई. म्हणे, "केव्हा पाह्यलं, बाई?"

"तीन दिस झाले."

"मचाणाखालीच? भोंग्याच्या खाली?"

"हाव. आन् डुकरं बी हाकेले भीत नाईत आता. माह्याकडं पाहून खात होती."

तिचा चेहरा मले आजबी दिसते. तिनं पांदणीकडं कान लावला. दूर भोंग्यातली पुण्याची बाई बोलून राह्यली होती, आन् तिच्यात मिसळून मयूरी. तीच गोष्ट, तेच शब्द.

"तीन महिने झाले, बाई," बयना म्हणे, "तीन महिने तो हाच आवाज ऐकून झोपते."

आन् ती पळत सुटली. मी मांगं. तोंडातून हाक काढली नाई तिनं. मी काढणार होती, तिनं माह्या तोंडावर हात मारला.

वळणावर आमी थांबलो. मयूरी आमच्या पुढं चाळीस पावलं, पाठीवर दप्तर, हात हालवत गोष्ट सांगून राह्यली. तिच्या डाव्या हाताले मचाण, दहा पावलं वावरात. मचाणाखाली जवारीच्या धांड्यायच्या फटीत दोन कान होते. गोल. मी आदी कान पाह्यले, मंग कपाळ. तो बसला होता, पाय पुढं टाकून, आमच्या दारातला कुत्रा बसते तसा. मयूरीकडं पाहत बी नव्हता. भोंगा डोक्यावर वाजत होता आन् तो अर्धे डोळे मिटून होता. मयूरीनं पाह्यलंच नव्हतं. अशीच गेली असती ती. रोज अशीच गेली असन, काय माहीत किती दिस.

आन् भोंगा बंद पडला.

बॅटरी संपली असन, थंडीनं लवकर उतरते. वाक्याच्या मधातच आवाज तुटला. बाकीच्या वावरातले भोंगे पहाटेच बंद झालेले, येवढी शांतता झाली की दवाचं पाणी पानावरून पडलेलं ऐकू आलं. मयूरी दचकली, थांबली, तिचं बी तोंड बंद झालं. आन् जवारीतले ते डोळे उघडले. तो उठला. आवाज कुठं गेला ते पाह्यले उठल्यावानी उठला, आन् त्याची मान पांदणीकडं वळली.

मी बयनाचा पदर मुठीत धरला.

बयनानं तोंड उघडलं. माह्या जावेचा आवाज नव्हताच तो. तीच पुण्याची बोली, तोच चढउतार, भोंगा जिथं तुटला तिथूनच पुढं.

"...आणि वेधानं खिडकी उघडली. बाहेर मिठाचं वाळवंट पांढरंफटक पडलं होतं. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक काजळा उभा होता. त्याला अजून काही दिसलं नव्हतं."

वाघाचे कान इकडं फिरले. मयूरी वळायले लागली होती.

"वेधा मागे वळून पाहत नाही," बयना म्हणे, त्याच आवाजात, शांत. "वेधा हाक मारत नाही. तिच्या पाठीवर दप्तर आहे आणि समोर सडक आहे. ती पळत नाही. एक पाऊल, मग दुसरं पाऊल, अशी ती चालत राहते."

हे काई गोष्टीत नव्हतं. वेधाले दप्तर नाई आन् त्या वाळवंटात सडक नाई. मयूरीले ते गोष्ट आमच्या सगळ्यायपेक्षा जास्त पाठ. तिचे खांदे वर गेले, तिथंच आवळले. तिले समजलं. ती वळली नाई. एक पाऊल टाकलं तिनं. मंग दुसरं.

"ती चालत राहते, कारण मनोरा बोलतो आहे. मनोरा थांबणार नाही."

वाघ उभा. मयूरी मचाणाच्या बरोबरीनं आली, पुढं गेली. बयना सांगून राह्यली. मीठ, वारा, तीन चंद्र, वेधाची मुकी माय. मी इतकी वर्षं तिले हसली, आन् त्या वक्ताले मनात एकच म्हणत होती, माय वं, विसरू नको, एक शब्द विसरू नको. धुक्यात मयूरीचं दप्तर दिसेनासं झालं. बयनाच्या आंगाले कापरं सुटलं होतं, पदरातून मले लागे, पण आवाजात ते येऊ देलं नाई तिनं.

बसचा हॉर्न वाजला.

"पोचली," बयना म्हणे, गोष्टीच्याच आवाजात. तिच्या डोळ्यातून पाणी गळून राह्यलं होतं. मी म्हणलं, आता चाल. पण तवर जवारी हालली होती आन् मचाणाखाली काईच नव्हतं. कोणीकडं गेला ते दिसलं नाई. दोन्ही बाजूनं पुरुषभर जवारी. ती मान हालवून मले नाई म्हणली आन् बोलत राह्यली. एकेक पाऊल मांगं सरकत, दीड घंटा. सातव्या भागापासून बाराव्यापर्यंत. अमृतराव आन् गावकरी ट्रॅक्टर घेऊन, डफडं वाजवत आले, तवा तिच्या तोंडातून नुसती हवा निघून राह्यली होती, आन् ओठ हालत होते.

त्या दिवशी तेराच्या तेरा भोंगे उतरले. भारत मचाणाखाली बसून मातीतले पंजे पाहत म्हणे, "डुकरायले समजलं, हे बाई बोलते पण मारत नाई. त्यायच्या मांगं हा आला, आन् यालेबी समजलं. आता मी तुमाले काय सांगू, मोठ्यानं बोला म्हणून?" झाडायले कॅमेरे बांधले त्यायनं. पंधरा दिसांत काई आलं नाई. लोक म्हणाले, नदीपलीकडं गेला. मयूरीले तिच्या मामाकडं आदिलाबादले ठेवलं, परीक्षा होईपर्यंत. जवारी निघाली, वावरं उघडी पडली.

बयनाचा आवाज महिनाभर आला नाई. दवाखान्यात म्हणाले, गळा सुजला, बोलू नका. मंग आला तरी ती बोलेना. मयूरीचा फोन आला की हाव, नाई, येवढंच. पुस्तक ऐकणं बंद, ओठ हालणं बंद. मले आंगण खायले उठे. दोन डाव मी तिले माफी मागतली. ती म्हणे, "तुमी नसत्या आल्या त मी हाकच मारली असती, बाई, आन् पोट्टी त्याच्यापुढंच थांबली असती."

काल दिवेलागणीले मी तिच्याकडं बसली होती. परसदाराच्या उंबऱ्याच्या आत, पाठ बाहेर करून. परसात म्हैस, तिच्या पुढं कुडाचं कुंपण, कुंपणापलीकडं निघालेलं वावर. बयना माह्या समोर चुलीपाशी. मी म्हणलं, "बयना, त्या वेधाचं पुढं काय झालं वं? बाराव्या भागाच्या पुढं?"

ती म्हणे, "तुमाले काऊन पाह्यजे?"

"पाह्यजे. मी आता आर्धी ऐकली ना."

किती दिसांनं ती हसली. मंग सांगायले लागली. आदी हळू, आपल्या बोलीत, मंग ते पुण्याची बोली आपोआप आली, आवाज मोकळा झाला. मी पयल्यांदा मन लावून ऐकून राह्यली होती. वेधा मनोऱ्याच्या जिन्यावरून खाली उतरते, मायचा हात धरते, तिथपर्यंत आलो. केव्हा म्हशीचं रवंथ थांबलं ते मले समजलं नाई. गल्लीतली कुत्री सांजच्याले भुंकत राहतात, ते बी गप होती. मंग तो वास आला, मचाणाखालचा.

बयनाची नजर माह्या खांद्यावरून परसात गेली होती. तिथंच थांबली. आवाज हालला नाई.

मी कसंबसं म्हणलं, "थांब जराशी. पाणी पे."

तिनं मान हालवली. नाई.

"मनोरा बोलत राहतो," बयना म्हणे, तसंच शांत, धुतलेल्या अक्षरात. "आणि थोरली जाऊ मागे वळून पाहत नाही. ती उठत नाही. बसल्या जागेवरून ती हात मागे नेते, दार हळूच लोटते, आणि कडी घालते."

गोष्टीत थोरली जाऊ कुठं होती? मी हात मांगं नेला.